पौषातले अळणी रविवार

तात्यापारा, रायपूर
२ जानेवारी २०२५

ती. निवेदितावन्सं यांस,
शर्मिष्ठेचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर बोलायला लागले की तुमचे बंधुराज शेजारी बसून कान टवकारतात, म्हणून हा पत्राचा घाट. गंधालीचं जमलं हे कळवलंच आहे. नागपूरचा शिशिर हसरा आहे, त्याची आई मोजकं बोलणारी. सोळा फेब्रुवारीला साखरपुडा.

आता काळजी ऐका. पोरगी काळवंडली आहे. चार महिन्यांत ओळखू येईनाशी झाली. ते लोक पाहायला आले तेव्हा पावडरीवर निभावलं, पण निघताना शिशिरच्या आईनं मला बाजूला घेऊन विचारलंच, की पाठवलेला फोटो जुना होता का. वन्सं, धरणीनं पोटात घेतलं असतं तर बरं, असं झालं मला.

तुम्ही अंगातली रसायनं आणि कातडीचा रंग यांवर जन्म काढलात. एखादं चांगलं क्रीम सांगा. इथे बायका जी सांगतात त्यांत स्टेरॉइड असतं म्हणतात, त्याची मला धास्ती वाटते. तोवर माझ्या माहेरचा उपाय धरला आहे. आमच्याकडे कांतीसाठी पौषातले रविवार करतात. सकाळी सूर्याला अर्घ्य, आणि दिवसभर मिठाचा कणसुद्धा तोंडात घालायचा नाही. गंधालीची कुरकुर चालली आहे, ये सब क्या है मम्मी म्हणून, पण करील. येत्या रविवारपासून सुरू.

लोभ आहे तेवढा पुरे, क्रीमचं नाव मात्र नक्की लिहा.
तुमची,
शर्मिष्ठा

पुणे
८ जानेवारी २०२५

सौ. शर्मिष्ठेस,
अ. उ. आ.

एकतीस वर्षं बेडकाच्या कातडीशी संसार केला, आणि शेवटी भावजयीनं मला ब्यूटी पार्लर समजावं! क्रीमबिम काही नाही. मेलॅनिन ही शरीरानं उन्हासाठी धरलेली छत्री आहे. तुझी लेक तोंड न झाकता स्कूटरवरून गावभर हिंडते. ऊन चुकवलं की रंग आपोआप उतरेल.

स्टेरॉइडला इतकी भिऊ नकोस. तुझ्या-माझ्या अंगात ती रोज बनतात आणि त्यांच्याच जिवावर आपण उभ्या आहोत. मात्र दुकानातल्या ट्यूबमधली, डॉक्टरला न विचारता लावायची नाहीत, हे तुझं बरोबर.

रविवारचं म्हणशील तर कर बापडी. एक दिवस मीठ खाल्लं नाही म्हणून कुणी मरत नाही. शिशिरच्या आईला माझ्याकडून सांग, की सून आणायची आहे की भिंतीचा रंग निवडायचा आहे, ते आधी ठरवा. सांगणार नाहीस, ठाऊक आहे मला.

अच्युतला आशीर्वाद, आणि कान टवकारल्याबद्दल एक चापट.
निवेदिता

तात्यापारा, रायपूर
२० जानेवारी २०२५

ती. वन्सं यांस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचून हसले, मग गंधालीला वाचून दाखवलं, तीही हसली. हल्ली तिचं हसूसुद्धा दमल्यासारखं वाटतं. काल तिसरा रविवार झाला. अर्घ्य देता देता तिला चक्कर आली आणि तांब्या हातातून पडला. चार वाजेपर्यंत झोपून होती. उठवायला गेले तर म्हणाली, मले काहून उठवून राहिली. एरवी हिंदी फाडणारी पोट्टी थकली की आजीची बोली बोलते.

बाईसाहेब मिठाच्या चोर झाल्या आहेत! शनिवारी स्वयंपाकघरात पकडली, तळहातावर खडे मीठ घेऊन साखरेसारखं चाटत होती. लोणच्याचा खार तर वाटीनं पिते. म्हणून रविवारी डबा कपाटात कुलपात ठेवते. व्रत म्हणजे व्रत.

रंग काही उतरत नाही. आणि वन्सं, हे उन्हाचं कसं म्हणायचं? तळहाताच्या रेषा शाईनं आखल्यासारख्या काळ्या झाल्यात. समता कॉलोनीत ती ज्या दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे काम करते, त्या म्हणाल्या की हिरड्याही जांभळट दिसतात. दोन वर्षांपूर्वी अपेंडिक्स काढलं त्याचा व्रणसुद्धा काळा पडला. तिथे कुठलं ऊन? वजन सात किलो उतरलंय, पण त्याबद्दल माझी तक्रार नाही, शालू छान बसेल.

एकच रविवार उरला. तुमचा लोभ आमच्यावर आहे, थोडा त्या सूर्यनारायणाकडेही आमच्या वतीनं खर्च करा.
तुमची,
शर्मिष्ठा

पुणे
शनिवार, २५ जानेवारी २०२५, सकाळी अकरा

शर्मिष्ठे,

मायने राहू देत. तुझं पत्र आत्ता हातात पडलं. तुझा फोन बंद आहे. अच्युतचा भनपुरीच्या गोडाऊनमध्ये वाजून वाजून थांबला. गंधाली उचलत नाही. ती का उचलत नाही, या विचारानं तिचा नंबर पुन्हा पुन्हा फिरवते आहे. हे लिहून त्याचा फोटो अच्युतला पाठवते. तुझ्या पत्रांना उत्तर लिहायची सवय आहे म्हणून लिहितेय, आणि काहीतरी केल्याशिवाय बसवत नाही म्हणूनही.

अच्युत, वाचलंस की तसाच घरी जा. गंधालीला आत्ताच्या आत्ता मोठ्या हॉस्पिटलात ने. उद्या नाही. डॉक्टरांना सांग की अ‍ॅड्रिनल ग्रंथी बंद पडल्याची शंका आहे, रक्तातलं सोडियम आणि कॉर्टिसॉल तपासा. शर्मिष्ठे, ती शुद्धीवर असेल तर कपाट उघड आणि पोरीला मीठ-पाणी दे.

मूत्रपिंडांवर दोन लहान ग्रंथी टोपीसारख्या बसलेल्या असतात. त्या जी स्टेरॉइड बनवतात त्यांच्यावर रक्तदाब चालतो, अंगात मीठ टिकतं. त्या थकल्या की मेंदूखालची ग्रंथी निरोपामागून निरोप धाडते, बनवा, बनवा. तो निरोप वाटेत कातडीलाही ऐकू जातो. स्टेरॉइड घरच्या माणसासारखं पेशीचं पटल ओलांडून थेट आत शिरतं, हा निरोप मात्र बाहेरच राहून पटलावरची कडी वाजवतो. कडी वाजत राहते आणि पेशी मेलॅनिन करत राहते. उन्हाचा काही संबंध नाही. प्रयोगशाळेत बेडकाच्या फिकट कातडीवर मी याच निरोपाचे थेंब टाकत असे. तासाभरात तुकडा काळा. एकतीस वर्षं हे पाहिलं, आणि माझी भाची काळी पडली तेव्हा मी छत्रीचे विनोद केले.

ती मीठ चोरत नव्हती ग. तिचं शरीर जीव वाचवत होतं, आणि आपण दोघींनी डब्याला कुलूप लावलं. तू किल्ली फिरवलीस, मी कर बापडी म्हटलं.

माझी शंका खोटी ठरो. मला वेडी म्हणा, जन्मभर म्हणा. संध्याकाळच्या विमानानं निघते आहे.
निवेदिता

तात्यापारा, रायपूर
१२ फेब्रुवारी २०२५

ती. वन्सं यांस,
शर्मिष्ठेचा साष्टांग नमस्कार.

तुम्ही परत गेलात आणि घर पुन्हा भ्यायला लागलं. तुमच्या देखत बोलता आलं नाही ते आता लिहिते. त्या शनिवारी यांनी फोटो पाहिला, घरी धावत आले, तेव्हा मी देवापुढे वाती वळत होते आणि आत गंधाली हाक मारली तरी डोळे उघडत नव्हती. तुम्ही पोचलात तोवर सलाईन लागलं होतं. डॉक्टर यांना म्हणाले ते मी दाराआडून ऐकलं, की आणखी एक दिवस मिठावाचून गेला असता तर पोरगी हाती लागली नसती. तो दिवस मी आखूनच ठेवला होता, वन्सं. कॅलेंडरवर लाल पेनानं.

आता रोज तीन वेळा गोळ्या, जन्मभर. ज्या स्टेरॉइडच्या नावानं मी दचकत होते, तेच मोजून देते आहे. पोरगी जेवते, रंगही निवळतो आहे.

आता रागावू नका. नागपूरला आम्ही विषमज्वर सांगितला आहे. साखरपुडा धुळवडीच्या पुढे ढकलला. तुमचं येणं होईलच, तेव्हा तुम्हीही विषमज्वरच म्हणा. गोळ्या मी व्हिटॅमिनच्या बाटलीत भरून देणार आहे. जन्मभराचं दुखणं कळलं तर कोण करील हिला? एवढी एक गोष्ट मागते.

तुमच्या पायाशी बसून मागते आहे असं समजा.
शर्मिष्ठा

पुणे
१७ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. शर्मिष्ठेस,
आशीर्वाद.

नाही. हे एक मागू नकोस.

व्हिटॅमिनची बाटली घेऊन ती सासरी जाईल. एक दिवस ताप येईल, उलट्या होतील, गोळी पोटात टिकणार नाही. घरातली माणसं म्हणतील, लिंबूपाणी घे, झोप जरा. व्हिटॅमिन चुकलं म्हणून कुणी धावत नाही. दुसऱ्या दिवशी तुला नागपूरहून फोन येईल. मी हे रोज डोळ्यांपुढे पाहते आणि पाणी प्यायला उठते.

नीट गोळ्या घेऊन माणसं या दुखण्यासह म्हातारी होतात, लेकरंबाळं करतात. मारतं ते लपवणं. आपण दोघींनी एकदा तिला मारता मारता सोडलं. मी पुन्हा त्यात नाही, आणि तूही राहू नकोस. रागावलीस तरी चालेल. गोळीची वेळ तेवढी चुकवू नकोस.
निवेदिता

तात्यापारा, रायपूर
११ मार्च २०२५

ती. वन्सं यांस,
सा. न. वि. वि.

तुमच्यावर बारा दिवस रागावले होते, म्हणून उत्तर नाही. तेराव्या दिवशी नागपूरला फोन केला आणि शिशिरच्या आईला सगळं सांगितलं, मिठाच्या डब्यासकट. त्यांनी ऐकून घेतलं. शेवटी म्हणाल्या, पुढच्या वर्षी बघू. म्हणजे काय, ते आपल्याला कळतं. शिशिरचा गंधालीला एक मेसेज आला, काळजी घे म्हणून. ती दोन दिवस जेवली ती खाली मान घालून. गोळ्या मात्र माझ्या हातूनच घेतल्या.

उलटी झाली तर मांडीत टोचायचं इंजेक्शन डॉक्टरांनी घरी ठेवायला दिलं आहे. नर्सबाईंनी मला संत्र्यावर टोचायला शिकवलं. नागपूरहून आलेलीच संत्री होती, पाच-सहा कारणी लागली.

काल ती वेळ आली. सकाळपासून ताप, दोन उलट्या, गोळी बाहेर. हे भनपुरीत, गोडाऊनवर. गंधालीचे डोळे मिटत होते, अगदी त्या शनिवारसारखे. घाईत पहिली कुपी माझ्या हातून फुटली. दुसरीतून सिरिंज भरली. तिची मांडी उघडी केली आणि वन्सं, मला तेव्हा कळलं की पंचवीस वर्षं या कातडीचा मी रंग तेवढा पाहिला. सुई घातली. ती कळवळली, माझा हात झटकला आणि म्हणाली, मम्मी, धीरे ना, दुखता है.

पोटच्या पोरीला दुखलं म्हणून आनंदानं रडणारी बाई तुम्ही पाहिली नसेल. मी सुई हातात धरून रडत होते, आणि ती माझ्यावर चिडून राहिली होती. मग दोघी रिक्षानं हॉस्पिटलात गेलो. आज ती घरी आहे, ताप उतरला आहे. मी अजून घाबरलेलीच आहे. दोन नव्या कुप्या आणून ठेवल्या आहेत.

लोभ असाच ठेवा.
तुमची,
शर्मिष्ठा