हॉयटला पाण्यावर नेण्याआधी

मी, ओर्लेटा मे स्टब्लफील्ड, हॉयट स्टब्लफील्ड यांची पत्नी, राहणार टेक्सोमा जलाशयाचा उत्तर किनारा, राज्य ओक्लाहोमा, धंदा मासेमारीच्या आमिषाचे दुकान, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहिते. माझी बुद्धी शाबूत आहे. माझ्यावर कोणी दडपण आणलेले नाही. दारू मी पीत नाही, आणि गोळ्या घेते त्या रक्तदाबाच्या. फक्त मला भीती वाटते आहे, आणि ती इतकी वाटते आहे की सकाळची कॉफी कपात कमी आणि ओट्यावर जास्त पडली. वकिलांच्या नमुन्यात भीतीला जागा नसते, म्हणून ती इथे सुरुवातीलाच नोंदवून ठेवते.

कारण असे की, या आठवड्यात ज्या सकाळी वारा पडेल त्या सकाळी मी माझ्या नवऱ्याला स्ट्रायपर धरायला घेऊन जाणार आहे. स्ट्रायपर म्हणजे तो अंगावर काळे पट्टे असलेला बास मासा, ज्याच्यावर आमचा सगळा किनारा जगतो. हॉयटने जन्मभर शहरातल्या गिऱ्हाइकांना बोटीत बसवून हे मासे धरून दिले. आता त्याला कालचे जेवण आठवत नाही, ट्रक चालवता येत नाही, आणि कधी कधी मी कोण हेही उमगत नाही. डॉक्टरांनी आजाराचे नाव सांगितले त्या दिवशी, अजून पूर्ण भानावर असताना, घरी येताना तो म्हणाला होता, "कुरव उतरले की मला एकदा ने. बोट तू चालव." मी हो म्हणून बसले.

आता थंडी पडली आहे आणि कुरव पक्षी उतरले आहेत. ते जिथे पाण्यावर झेपा घालतात तिथे खाली स्ट्रायपर असतात, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. हॉयट रोज सकाळी खिडकीशी उभा राहून विचारतो, "पाखरं आली का गं?" मी आजवर त्याच्याशी खोटे बोललेले नाही.

कलम पहिले. या जलाशयाच्या मधोमध ओक्लाहोमा आणि टेक्ससची हद्द आहे. आमचा मासेमारीचा परवाना दोन्हीकडे चालतो, पण मृत्युपत्राचे काय होते ते मला माहीत नाही. म्हणून लिहून ठेवते की माझे प्रेत टेक्ससच्या पाण्यात सापडले तरी मी ओक्लाहोमाचीच समजावी आणि मला चर्चमागे माझ्या आईशेजारी पुरावे. शवपेटी बंद ठेवावी. बुडालेली माणसे कशी दिसतात ते दुकानात गिऱ्हाईक बोलतात तेव्हा मी ऐकलेले आहे.

कलम दुसरे. घर, दुकान, आमिषाच्या टाक्या, बर्फाचे यंत्र आणि बँकेत असेल ते सगळे माझी मुलगी ट्वायला हिला. ट्वायला टल्सा शहरात असते. या सहलीचे ऐकल्यापासून ती माझ्याशी नीट बोलत नाही.

"आई, तुला वेड लागलंय का? बाबांना पायातले बूट सापडत नाहीत आणि तू त्यांना एवढ्या पाण्यात नेणार? तू तर बाथटबलाही घाबरतेस!"

"बाथटबला मी घाबरत नाही. मला शॉवर आवडतो."

"मग विलबर्नकाकांना सांग ना घेऊन जायला."

"शब्द मी दिलाय, विलबर्नने नाही."

तिने फोन आपटला. ट्वायला, तुझा राग रास्त आहे, आणि तू रागावली नसतीस तरी हे कलम असेच असते. माझी बिडाची कढई मात्र साबणाने घासशील तर माझा आत्मा तुला सोडणार नाही.

कलम तिसरे. शोधायला येणाऱ्यांची पायपीट वाचावी म्हणून आमचा बेत इथे लिहिते. उजाडल्यावर दुकानाजवळच्या उतारावरून बोट पाण्यात सोडायची. आधी विलोच्या झाडांपाशी उथळ पाण्यात जाऊन जाळ्याने जिवंत शॅड मासे धरायचे, ते आमिषाच्या टाकीत टाकायचे. मग बेट डाव्या हाताला ठेवून जुन्या नदीच्या पात्रावर जायचे, कारण धरण होण्याआधीची ती नदी अजून तळाशी आहे आणि स्ट्रायपर तिच्याच कडेने फिरतात. कुरव दिसले तर इंजिन लांबूनच बंद करायचे. उत्तरेचा वारा सुटायच्या आत परत. हा वारा आला की सपाट पाण्याच्या भिंती होतात आणि मोठमोठ्या बोटींतही मागून पाणी शिरून त्या बुडतात. दुपारी जेवायच्या वेळेपर्यंत आमचा ट्रक उतारावरच दिसला तर जलाशयाच्या वॉर्डनला फोन करावा. ट्रकच्या पुढच्या बाकावर राजम्याचे कालवण आणि मक्याची पोळी ठेवलेली असेल. ते कोणीही खावे.

कलम चौथे, हे मालमत्तेचे नाही. मी बोटीत का बसत नाही ते गावाला आमचा शेजारी विलबर्न केचम याच्या तोंडून माहीत आहे, म्हणून माझ्या तोंडूनही असावे.

आमच्या लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात हॉयटने मला हौसेने पाण्यावर नेले. आमिष धरायचे जाळे हाताने गोल फेकायचे असते, त्याची दोरी फासासारखी मनगटात अडकवतात. न अडकवली तर जाळे हातचे जाते, म्हणून सगळे अडकवतात. त्या दिवशी जाळे तळातल्या बुडालेल्या झाडाला गुंतले, वाऱ्याने बोट पुढे ढकलली आणि हॉयट मनगटाने ओढला जाऊन पाण्यात पडला. दोरी ताणलेली, तो पाण्याखाली, आणि मला इंजिन मागे कसे घ्यायचे ते माहीत नाही. मी नुसती किंचाळत राहिले. जवळच विलबर्नची बोट होती. त्याने येऊन सुरीने दोरी कापली आणि हॉयटला वर काढले. हॉयटच्या मनगटावर अजून पांढरा वळ आहे.

तेव्हापासून विलबर्न कॅफेत ग्रेव्हीत भिजवलेली पावासारखी बिस्किटे खाता खाता ही गोष्ट सांगतो. "आमच्या ओर्लेटाबाई! नवरा बुडतोय आणि ह्या इंजिनाला प्रार्थना शिकवतायत! आवाज असा, की टेक्ससातली गुरं उधळली!" लोक हसतात. मीही हसते, आणि घरी येऊन भांडी आपटते. त्यानंतर मी कधी बोटीत पाऊल टाकले नाही. सारा जन्म पाण्याच्या काठावर आमिष विकले, पण पाण्याकडे पाठ करून.

कलम पाचवे. हॉयटची दोन जाळी. जुने जाळे, ज्याच्या शिशाच्या मण्यांवर दातांचे ठसे आहेत, ट्वायलाच्या मुलाला. जाळे फेकताना त्याची कड दातात धरायची असते. एकदा फेकताना तोंड वेळेवर उघडले नाही आणि हॉयटची वरची कवळी जाळ्याबरोबर गेली. ती जलाशयाच्या मालकीची समजावी.

नवे जाळे आम्ही बरोबर नेणार आहोत, आणि माझी खरी भीती त्या जाळ्याची आहे. हॉयट सगळे विसरला तरी त्याचे हात काही विसरलेले नाहीत. जाळे हातात दिले की आधी फास मनगटात जातो. मी "नको" म्हटले तर तो हो म्हणतो आणि पुन्हा अडकवतो. म्हणून मी गुपचूप फासाची दोरी काढून तिथे शिवणाचा कच्चा दोरा बांधला. हिसका बसला की तुटेल, जाळे जाईल, माणूस राहील.

गेले काही दिवस विलबर्न मला बोट चालवायला शिकवतो आहे. पाण्यावर नाही. बोट आमच्या अंगणात ओढगाडीवर चढवलेली आहे आणि मी सुकल्या गवतात चाक धरून बसते. त्याच्याकडे जाताना मला कानकोंडे झाले होते, पण या किनाऱ्यावर त्याच्याइतके पाणी हॉयटशिवाय कोणाला कळत नाही.

"ही लाल दोरी तुमच्या जॅकेटला अडकवायची," तो काल सांगत होता. "तुम्ही पडलात की इंजिन आपोआप बंद. कळलं?"

"म्हणजे एक दोरी अंगाला बांधायची आणि एक अजिबात बांधायची नाही."

"आता कसं! आणि मागे घेताना हा दांडा असा. हळू! हळू, ओर्लेटाबाई, बोट खरंच चालत असती तर माझं कुंपण तोडलं असतंत."

तेवढ्यात हॉयट बाहेर आला. त्याने टोपी काढली आणि मला म्हणाला, "नमस्कार बाई. पहिल्यांदाच येताय का आमच्या पाण्यावर?"

जाळ्याइतकीच मी घाबरते ती या गोष्टीला. पाण्याच्या मधोमध त्याने असे विचारले तर मी काय करू? परक्या बाईबरोबर बोटीत आहोत म्हणून तो घाबरला, उठून उभा राहिला तर?

"चाक हातात घेऊन पहिल्यांदाच," मी म्हटले.

"घाबरू नका. माझ्या बोटीतून आजवर एकही गिऱ्हाईक पाण्यात पडलं नाही. जॅकेट गच्च बांधा, मी सांगेन तेव्हाच उठा." मग त्याने बोटीतले जाळे उचलले, सवयीने फास चाचपला, आणि त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या. "हे कोणाचं काम? शिवणाचा दोरा? हिसका बसला की तुटेल!"

"तुटायलाच पाहिजे, हॉयट," विलबर्न म्हणाला.

हॉयट स्वतःच्या मनगटावरच्या वळाकडे बघत राहिला. मग माझ्याकडे वळून, ओळख नसलेल्या बाईशी बोलतात तशा अदबीने म्हणाला, "एकदा मला जाळ्याने खाली नेलं होतं. बोटीत माझी बायको होती. नवी नवरी, तिला काय येणार? पण ती अशी ओरडली, की पाण्याखाली मला ऐकू आलं. म्हणूनच तर हा विलबर्न आला. नाहीतर याच्या इंजिनाच्या आवाजात याला काय कळणार होतं? ती ओरडली म्हणून मी आहे. हे तिला कोणी सांगितलं की नाही, काय माहीत."

विलबर्नने मान खाली घातली. मला रडू फुटले, आणि हॉयटने गिऱ्हाइकाला देतात तसा आपला रुमाल मला दिला.

मग तो तिथेच पायरीवर बसला आणि त्याने माझा कच्चा दोरा उपटून फासाला जाड दोरी बांधली. गाठ अशी, की दोन माणसांनी ओढली तरी सुटू नये. मी पुन्हा सोडली तर तो पुन्हा बांधेल. पाण्यावर निघेपर्यंत त्याच्या हातांशी माझा निभाव लागणार नाही हे मला कळून चुकले आहे.

कलम सहावे. माझ्या गळ्यात एक सुरी बांधलेली सापडेल. ती माझी नाही, विलबर्न केचमची आहे, हॉयटची दोरी कापली होती तीच. काल जाताना त्याने बोटीच्या बाकावर ठेवली. माझ्या मालमत्तेत धरू नये, त्याला परत द्यावी. मी अंगणात दोरीचे तुकडे कापून सराव केला आहे.

विलबर्न या मृत्युपत्राला साक्षीदार आहे आणि साक्षीदाराला काही मिळत नाही असा कायदा आहे, असे मला सांगितले गेले. आधी हा कायदा मला फार आवडला होता. बोट कोणालाही विकावी पण त्याला नाही, असेही मी लिहिले होते. ते वाक्य मी खोडले आहे. खोडलेल्या जागी माझी सही आहे.

कलम सातवे. हॉयट.

आम्ही दोघेही गेलो तर काही सांगायचे नाही. तो गेला आणि मी उरले तर माझे मी पाहीन. पण मी गेले आणि तो उरला, या विचाराने माझी झोप उडाली आहे. बुडण्याची भीती एवढी नाही. मी बुडाले तर एकदाच बुडेन. त्याला मात्र रोज सकाळी उठल्यावर माझे मरण नव्याने कळेल, रोज पहिल्यांदाच, आणि रोज संध्याकाळपर्यंत तो ते विसरेल. असे माझ्या माणसाच्या वाट्याला येऊ नये.

कागदोपत्री त्याची जबाबदारी ट्वायलाची राहील. ती त्याला टल्साला ठेवेल, त्याला माझी हरकत नाही, फक्त खिडकीतून पाणी दिसावे, डबके असले तरी चालेल. तोवर विलबर्नने रोज सकाळी त्याच्याकडे जावे. हा वारसा नाही, ओझे आहे, त्यामुळे साक्षीदाराला चालते. हॉयटने वाऱ्याबद्दल विचारले तर वारा सांगावा. पाखरे आली का विचारले तर खरे ते सांगावे. आणि ओर्लेटा कुठे आहे असे विचारले, तर ती दुकानात आमिष आणायला गेली आहे, येईलच, असे सांगावे. रोज सांगावे. मी त्याच्याशी कधी खोटे बोलले नाही, म्हणून त्याचा विश्वास बसेल.

वरील सर्व मी वाचून पाहिले आणि ते मला मान्य आहे. भीती अजून तशीच आहे. तरीही वारा पडला की आम्ही निघणार.

स्थळ: आमचे स्वयंपाकघर, मार्शल काउंटी, ओक्लाहोमा.
दिनांक: ४ डिसेंबर २०१८.

सही: ओर्लेटा मे स्टब्लफील्ड

साक्षीदार: जेनेव्हा पोग, चर्चमध्ये पियानो वाजवते. सही माझ्यासमोर झाली. ओर्लेटा घाबरलेली होती, पण मनाने ठाम होती.

साक्षीदार: विलबर्न केचम. सही माझ्यासमोर झाली. सातवे कलम वाचले, कबूल आहे. एक गोष्ट या बाईंना न विचारता लिहितो, कारण त्या नको म्हणतील. ते ज्या सकाळी निघतील त्या सकाळी माझीही बोट पाण्यावर असेल. इंजिन बंद ठेवीन. त्या ओरडल्या तर ऐकू येईल इतक्याच अंतरावर राहीन.