लाल ठिपके मोडलेलं पेडल

ता. ४ जून

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद.

तू तुझ्या दुकानातून पाठवलेलं ते स्वस्तातलं पेडल काल भर कार्यक्रमात मुकं झालं. पायाने बटण दाबलं की गिटारचा आवाज दणदणीत व्हायला हवा, तो चक्क गेलाच. धातूची जड पेटी बघून मी भुलले. आत काय भरलंय देव जाणे. महिनाअखेर बँडमास्तर आमच्या दोघांपैकी एकच गिटार ठेवणार आहेत. दुसरा गिटारवाला, आमचा लंबू, गालातल्या गालात हसत होता. तुझ्यावर संशय घेऊ की त्याच्यावर, एवढंच ठरायचं आहे. बाबांना काही बोलू नकोस.

लोभ आहे, पण सध्या जपून.
ताई

ता. ९ जून

ती. ताईस सा. न. वि. वि.

खापर माझ्या डोक्यावर फोडू नकोस. स्वस्त पेडलमध्ये बटण थेट आतल्या पातळ पट्टीवर सोल्डर केलेलं, म्हणजे कथील वितळवून चिकटवलेलं असतं, हे खरं. पण तेही दोन-तीन वर्षं लाथा खातं. आमच्याकडून इतकी पेडलं जातात, परत क्वचितच येतात. तळाचं झाकण बघ. कारखान्यात स्क्रूंवर लाल लाखेचे ठिपके देतात. ते शाबूत असतील तर दुसरं पाठवतो. मोडलेले असतील तर कोणीतरी आत बोटं घातली आहेत.

पत्र कोणाचं म्हणून बाबा विचारत होते. दुकानाचं आहे म्हणालो. त्यांना पटलं नाही.

रागातही आठवण असू द्यावी.
तुझा धाकटा

ता. १५ जून

चि. धाकट्यास आशीर्वाद.

सगळे ठिपके मोडलेले निघाले. मी तडक तालमीच्या खोलीत गेले आणि सर्वांदेखत लंबूला धारेवर धरलं. तो बिचारा रडकुंडीला आला. मग घरी येऊन झाकण काढलं. आत प्रत्येक जोडावर सोल्डरचा नवा, गुबगुबीत थेंब दिलेला. असे थेंब मी लहानपणापासून एकाच माणसाच्या हातचे बघितलेत. मागे मी पेडल घेऊन दोन दिवस घरी आले होते ना, तेव्हा बाबांनी ते पक्कं करून ठेवलंय. फार तापल्याने बटणाखालची तांब्याची पट्टीच सुटलीय. आपल्या घरात बंद डबा बंद राहील तर शपथ.

लंबूची माफी मागितली. त्याने मोठ्या मनाने दिली, बँडमास्तरांनी नाही. उगाच आळ घेणारं माणूस त्यांना बँडमध्ये नको आहे. महिनाअखेरची वाट न बघता त्यांनी जागा लंबूला दिली. मला फार वाईट वाटतंय, पण बाबांना यातलं अक्षर कळता कामा नये. रेडिओ दुरुस्तीचं दुकान बंद केल्यापासून ते आधीच गप्प असतात. पेडल उत्तम चाललंय, असं सांग.

माया आहे तशीच राहू दे.
ताई

ता. २० जून

चि. थोरलीस अनेक उत्तम आशीर्वाद.

पेडल उत्तम चाललंय असं तू कळवलंस, असं धाकटा म्हणतो. तू जन्मात कुठल्या वस्तूला उत्तम म्हटलं नाहीस, म्हणून मला शंका आली. पुन्हा विचारलं, तर तो पाणी प्यायला उठून गेला तो परत आलाच नाही. स्वस्तातली वस्तू ऐन वेळी दगा देईल, म्हणून तू बाहेर गेलीस तेव्हा मी ती उघडली होती. हात हल्ली स्थिर राहत नाही.

घरी आलीस तेव्हा म्हणाली होतीस, ती बँडमधली तुझी जागा राहिली ना, एवढं एकच खरं कळव. पेडलबद्दल काय वाटेल ते खोटं लिही, मी विश्वास ठेवीन.

तुझ्या पत्राची वाट बघणारा,
बाबा