दोन टेबलं आणि दाजींचं इंग्रजी

तीर्थस्वरूप दाजींना धाकट्या मेहुण्याचा दोन्ही हात जोडून नमस्कार. (उजवा हात अजून पॉलिशनं चिकट आहे, तसाच जोडलाय.) तुमचा खोकला उतरला का? ताईचे गुडघे काय म्हणतात? मी मजेत आहे. हेच वाक्य गुरुवारी दुपारी लिहिलं असतं तर धडधडीत खोटं झालं असतं, म्हणून दोन दिवस थांबलो.

तुम्हाला आठवत असेल, मागच्या आठवड्यात मी भरदुपारी फोन करून तुमची झोपमोड केली होती. संग्रहालयातली माझी सहा महिन्यांची उमेदवारी संपत आली होती आणि कायम करायचं की घरी पाठवायचं, हे आमच्या मोठ्या बाई माझं काम बघून ठरवणार होत्या. त्या गावाला जाताना तळघरातल्या माझ्या सुतारखोलीत दोन जुनी, काळी टेबलं ठेवून गेल्या. एकाच्या पायाला दोऱ्यानं चिठ्ठी बांधलेली, ‘रिपेअर’. दुसऱ्याच्या पायाला ‘रिस्टोअर’. बाकी एक अक्षर नाही. मी विचार केला, घरात तीस वर्षं इंग्रजी शिकवलेला माणूस असताना दारोदार कशाला विचारत फिरा?

तुम्ही जांभई देत सांगितलंत ते मी खडूनं भिंतीवर उतरवून घेतलं (अजून आहे, पुसायला धीर होत नाही). रिपेअर म्हणजे मोडलं तेवढं जोडणं. रिस्टोअर म्हणजे वस्तूला पूर्वीची स्थिती परत मिळवून देणं. मी विचारलं, पूर्वीची म्हणजे कधीची? तुम्ही म्हणालात, अरे, दुकानातून आली त्या दिवसाची! आणि फोन ठेवलात. झालं. आपल्या बाबांचा नियम तुम्हाला ठाऊकच आहे: गिऱ्हाइकानं स्वतःची खुर्ची ओळखली, तर काम कच्चं राहिलं म्हणायचं. त्या नियमावर तुमच्या इंग्रजीचा शिक्का बसल्यावर मला कोण अडवणार? रिस्टोअरच्या टेबलावर मी तीन दिवस तुटून पडलो. घासलं, पुन्हा घासलं, वर हाताएवढा शाईचा डाग होता तो मुळापासून काढला, पॉलिशचे पाच हात दिले. त्यात तोंड बघून भांग पाडता येईल इतकं चकचकीत झालं. रिपेअरच्या टेबलाखाली नुसता आडवा होऊन डुगडुगत्या पायात एक पाचर सरसानं बसवली. अर्ध्या तासाचं काम. वरची धूळसुद्धा झटकली नाही, हे स्वतःच्या तोंडानं कबूल करतो. काम झाल्यावर दोन्ही चिठ्ठ्या सोडून टाकल्या.

गुरुवारी बाई परत येणार होत्या. सकाळी शिपाईकाका चहा घेऊन खाली आले आणि गप्पांच्या ओघात म्हणाले, संस्थापकांचं टेबल आलंय ना तुझ्याकडे, त्याच्यावरचा शाईचा डाग बघितलास का? राहतं घर संग्रहालयाला लिहून देताना म्हाताऱ्याचा हात थरथरला आणि दौत कलंडली, तो डाग. दोन वर्षं दालन बंद आहे म्हणून टेबल गोदामात पडलं होतं, नाहीतर लोक तेवढा डाग बघायला यायचे.

दाजी, माझ्या हातातला चहा हातातच राहिला. रंधे, पटाशा, करवत पिशवीत भरली. बायकोला काय सांगायचं ते दोनदा पाठ केलं. तुम्हाला मनातल्या मनात जे बोललो, ते ताईचा मान राखून इथे लिहीत नाही. इतकंच सांगतो, तुम्ही समोर असतात तर तुम्हालाही पॉलिशपेपर लावला असता.

बाई आल्या. मागून हेडक्लार्क. बाई सरळ धुळकट टेबलापाशी गेल्या, विजेरी लावून वाकल्या, पाचर बघितली आणि कोरड्या कुंचल्यानं धूळ हळूहळू बाजूला केली. खाली डाग! अख्खा, जसाच्या तसा! बाईंचे डोळे भरून आले. म्हणाल्या, ओलं फडकं फिरवलं असतंत तरी शाई गेली असती, एवढा संयम कुणी शिकवला तुम्हाला? मी मान खाली घातली. (नम्र दिसायला नाही, भरलेली पिशवी पायानं बाकाखाली सरकवायची होती म्हणून.) मग त्यांना ते चकचकीत टेबल दिसलं, ओळखू आलं नाही आणि हे कुणाचं, असं त्यांनी विचारलं. हेडक्लार्क छताकडे बघायला लागले.

संध्याकाळी हेडक्लार्कनी माझ्यापाशी येऊन स्वतःचे कान पकडले. चकचकीत टेबल त्यांचंच, डागही त्यांच्याच पेनांचा, वीस वर्षांचा. बाई गेल्यावर खाली उतरून चिठ्ठ्यांची अदलाबदल त्यांनीच केली होती. रिपेअरमध्ये दोन खिळ्यांपलीकडे काय मिळतं? रिस्टोअर केलं की नवंकोरं मिळतं, असा त्यांचा हिशेब. म्हणजे अर्थ अगदी तुमचाच! तुम्ही दोघांनी एकाच वेळी चूक केलीत म्हणून माझी नोकरी वाचली. त्या रात्री मी घोडे विकून झोपलो. तुमच्यावरचा सगळा राग गेला, खरंच गेला.

ताईला आणि मुलांना आशीर्वाद-नमस्कार, ज्याला जे लागू असेल ते द्या.

तुमचा,
धाकटा मेहुणा

ता. क. बाईंना चिठ्ठ्यांचं काही माहीत नाही. त्या इतक्या खूश आहेत, की पुढच्या शनिवारी नव्या लोकांना रिपेअर आणि रिस्टोअर यांतला फरक मी अर्धा तास समजावून सांगायचाय. पत्र खरं तर एवढ्यासाठीच. वाचून झालं की ताईच्या हातात द्या. ती ग्रंथालयात जुनी पुस्तकं सांधते, तिला हे रोजचंच, फरक तीच लिहून कळवेल. तुम्ही स्वतः त्रास घेऊ नका.

आणखी एक. कायम झाल्याचं पत्र आत्ताच मिळालं! इंग्रजीत आहे. माझ्या हुद्द्याच्या जागी ना रिपेअर, ना रिस्टोअर, तिसराच शब्द छापलाय: कॉन्झर्व्हेटर. दाजी, पाया पडतो, याचा अर्थ मला कळवू नका.