चादरीला दोघी लागतात

ती. वन्सं,

तुमच्या भावजयीचा नमस्कार. गुडघा कसा आहे? (डॉक्टरांनी सांगितलेला व्यायाम तुम्ही करत नाही, हे मला इथे बसून दिसतं.) मी ठीक. खाते, झोपते, कामाला जाते. तुमचा भाऊ नाही याची सवय झाली, असं लोकांना सांगते. तुम्हाला कशाला सांगू?

घडलं ते असं. मोठ्या माणसांनी घरात आणि कामावर नाती निकोप कशी ठेवावीत, यावरचं एक पुस्तक मी ग्रंथालयातून आणलं. (शाळा अर्धवट सुटलेल्या बाईने छापील शब्दावर इतका विश्वास ठेवू नये, पण ठेवते.) त्यात लिहिलं होतं, आपली हद्द घरच्यांना स्पष्ट सांगावी. म्हणून जेवताना मुलाला आणि सुनेला सांगितलं, माझ्या खोलीत दार वाजवून येत जा. वन्सं, पोरं इतकी शहाणी निघतील असं वाटलं नव्हतं! पूर्वी सूनबाई ओले केस पुसत सरळ आत शिरायची, पलंगावर बसून ऑफिसातल्या साहेबाला शिव्या घालायची आणि जाताना माझा कंगवा न्यायची. आता दार वाजतं. "आई, आत येऊ? वेळ आहे ना तुम्हाला?" वेळ! माझ्याकडे दुसरं आहे काय? पण तिने इतक्या अदबीने विचारल्यावर मीही पाहुणीला म्हणावं तसं "या ना" म्हणते, आणि मग काय बोलायचं ते दोघीही विसरतो.

कामावरची तऱ्हा आणखी निराळी. हॉटेलच्या लॉन्ड्रीत मी आणि तोफ (माझी जोडीदारीण, आवाजामुळे पडलेलं नाव) चादरींच्या घड्या घालतो. पुस्तक म्हणतं, समोरच्याचं ऐकलं हे त्याला कळावं म्हणून त्याचंच म्हणणं त्याला परत सांगा.

"तू चादर फार ओढतेस," तोफ म्हणाली.

"म्हणजे मी चादर ओढते, असं तुला वाटतं."

"वाटतं काय? ओढतेसच!"

"ओढतेच, असं तुझं म्हणणं आहे."

"नक्कल करतेस होय गं माझी?"

"मी नक्कल करते, याचं तुला वाईट वाटतंय."

तिने आपली टोकं सोडली. मी ओढतच होते (तिचं खरं होतं), त्यामुळे मागच्या इस्त्रीच्या ढिगात जाऊन बसले. रोजची कटकट नको म्हणून सुपरवायझरने मला उशांच्या अभ्र्यांवर घातलं.

अभ्र्याची घडी एकटीला घालता येते. चादरीला दोघी लागतात. टोकं धरून एकमेकींकडे चालत यायचं, आपली टोकं तिच्या हातात द्यायची. बोटांना बोटं लागतात. तुमचा भाऊ गेल्यापासून माझ्या हाताला कुणाचा हात लागत होता तो तेवढाच. हे मला अभ्रे हातात आल्यावर कळलं.

तोफेचं माझं मी निस्तरीन. तुम्ही काळजी करू नका.

तुमची,
भावजय

ता. क. खरं काम राहिलंच. महिनाभर राहायला या. हे गेल्यापासून तुम्हीसुद्धा गोड पत्रं लिहिता, "फार सोसलंस गं" म्हणता. पूर्वी माझ्या चहापासून चालण्यापर्यंत तुम्हाला काही पसंत नव्हतं. तुमच्या आवाजात यांचा आवाज आहे, पण तुम्ही चिडलात तरच. शांत बोललात की येत नाही.

आणखी एक. हे वाचून तुम्ही डोळे पुसत, प्रेमाने याल. तसं नको. यांचा राखाडी स्वेटर तुम्ही आठवण म्हणून मागितला होता ना? तो मी देणार नाही. या भांडायला.