दोन दात, पत्रातले

४ मार्च

ती. मोठ्या जाऊबाईंस,
धाकटीचा सा. न. गुडघे कसे आहेत? जिना चढू नका म्हटलं तरी तुम्ही चढणारच.

इथं सगळं बिनसलंय. नात अकरा महिन्यांची झाली तरी तोंडाचं बोळकं तसंच. मी सूनबाईला तोंडावरच म्हटलं, दिवसभर चष्म्याच्या कारखान्यात भिंगं तपासतेस, पोरीच्या हिरड्या कोण तपासणार? लवकर दूध तोडलंस, त्याचं हे फळ. वर तुमचं जुनं पत्रही वाचून दाखवलं: 'तुझ्या लेकाला सहाव्या महिन्यात दोन दात आले.' परवा तिनं राजीनामा दिला आणि बाळाला घेऊन माहेरी गेली. लेक माझ्याशी धड बोलत नाही.

डॉक्टरीणबाई म्हणतात, दात लवकर की उशिरा हे बऱ्याचदा घराण्यावर जातं; बापाला नक्की कधी आले ते विचारून या. तेव्हा नीट आठवून कळवा. लोभ आहेच, तो आटू देऊ नका.

धाकटी

११ मार्च

चि. धाकटीस,
अ. आ. गुडघे राहू देत. आधी माझा गुन्हा ऐक.

ते दोन दात खोटे होते गं. तू चार महिन्यांचं पोर माझ्या ओटीत घालून नर्सिंग शिकायला गेलीस. सहाव्या महिन्यात तुझं पत्र आलं, की दात नसतील तर माझ्याच दूध तोडण्यानं, मी सगळं सोडून येते. परीक्षा तोंडावर होती. मी बसल्या बसल्या दोन दात लिहून टाकले. खरा पहिला दात तेराव्या महिन्यात आला. तो दीड वर्षाचा असताना तू परतलीस तेव्हा चारच होते, म्हणालीसही, एवढेच कसे? मी विषय बदलला.

तो दात बघायचा मान तुझा होता. मी तो घेतला आणि तुला कळूही दिलं नाही. माफ करता आलं तर कर.

तुझी जाऊ

१४ मार्च

चि. सौ. सूनबाईस,
अनेक आशीर्वाद, आणि आज माझे हातही जोडलेले समज.

सोबत जाऊबाईंचं पत्र आहे. तुझ्या नवऱ्याला तेराव्या महिन्यात दात आला. मी नर्स, शेकडो बाळं हाताळली. आईची नोकरी बघून दात उशिरा येत नाहीत हे मला कळायला नको होतं? माझ्यावर हीच वेळ आली तेव्हा जाऊबाईंनी मला सांभाळून घेतलं. तुझ्यावर आली तेव्हा मी तुलाच बोल लावला. फार चुकले मी. कारखान्यात जा, राजीनामा मागे घे. बाळाला मी बघते.

तुझी सासू

२० मार्च

ती. आईंस,
शि. सा. न.

पत्र मिळालं त्याच दिवशी कारखान्यात गेले. माझ्या टेबलावर नवीन मुलगी बसलीय. साहेब म्हणाले, चार दिवस आधी आला असतात तर. सात वर्षं ते टेबल माझं होतं, आई. तिथं उभ्या उभ्या रडू आलं. तुमच्यावरचा राग अजून गेलेला नाही, जाईल तेव्हा कळवीन.

दुसरं म्हणजे, काल पाणी पाजताना चमचा टक्कन वाजला. खाली, डावीकडे. खोटं लिहीत नाही, माझ्या आईनंही बोट फिरवून पाहिलं.

रविवारी बाळाला घेऊन येते. लेकाचा पहिला दात तुमचा बघायचा राहिला होता ना. हा रविवारपर्यंत फार वर येणार नाही. राग असतानाही लोभ आहे, तुमचाही असू द्या.

तुमची सून