सभापतींचं घमेलं

३ नोव्हेंबर
आज डाव्या चपलेत लेंड्या — अकरा. उजवीत एकही नाही. हा पक्षपात मी शांतपणे सहन केला, याची कुठेतरी नोंद असावी म्हणून लिहून ठेवते.
मयुरी संभाजीनगरला होस्टेलवर गेली आणि जाताना ससा माझ्या पदरात टाकून गेली. लेकीनं त्याचं नाव मोती ठेवलंय. मी सभापती म्हणते. दिवसभर बसून खातो, बसल्या जागी घाण करतो आणि मग दुसऱ्याकडे बघतो.

४ नोव्हेंबर
घरमालक भगवंतराव वर आले. दारातच नाकाला रुमाल.
"मॅडम, जिन्याखाली मुताचा वास येऊन राह्यला. तुमचा ससा खाली येते काय?"
येत असेल. दाराची खालची फळी तुटलीय, आणि सभापती दौऱ्यावर जाताना मला सांगून जात नाहीत.
"रविवारपर्यंत वास गेला पाह्यजे. नाही तं ससा बीबी गावाले, माह्या साळ्याच्या वावरात."
त्या वावरात तीन कुत्री आहेत. मयुरीला सांगितलं नाही. ती रोज फोनवर विचारते, "तो जेवला का?" आई जेवली का, हे नंतर. आठवलं तर.

५ नोव्हेंबर
सभापतींच्या शी-शूचं घमेलं फिनाइलनं तीनदा घासलं. इतकं स्वच्छ, की पाहुण्यांना त्यात चिवडा द्यावा. सभापतींनी हुंगलं, तोंड फिरवलं आणि जाऊन माझ्या उशीवर मुतले.

६ नोव्हेंबर
खाली नळावर उशीचा अभ्रा धूत होते. भगवंतरावांच्या आई, झुंबरबाई — ऐंशीच्या पुढच्या — खाटेवरून बघत होत्या.
"लय धुतं तू. त्याचा वासच धुऊन टाकला, त्याले जागा कशी सापडन?"
"मग घाण तशीच ठेवू?"
"मूठभर ठेव. चारा कुठी टाकतं त्याले?"
"खिडकीपाशी."
"अन् घमेलं?"
"मोरीत."
"तो काय जेवता जेवता उठून मोरीत जाईन? तुयासारखा शिकेल आहे का तो?"
मग मागच्या पडवीतून सोयाबीनच्या कुटाराचं, म्हणजे मळणीतल्या भुशाचं, अर्धं पोतं ओढत आणून दिलं. मी एम.ए., बी.एड. — मान खाली घालून घेतलं.

७ नोव्हेंबर
घमेलं खिडकीपाशी. आत कुटार, कडेला वाळलं गवत, तळाशी कालच्या चार लेंड्या, विरजण लावल्यासारख्या. सभापती चढले. खाता खाता बसले. बसता बसता झालं. मी टाळी वाजवली. पन्नाशीला आलेली बाई, सशाच्या लघवीला टाळ्या वाजवते.
संध्याकाळी दाराला नवी फळी ठोकून घेतली.

८ नोव्हेंबर
घरात वास नाही. उशी कोरडी, चपला रिकाम्या. फळी अशी पक्की, की उंदीरसुद्धा बाहेर जाणार नाही. तरी सकाळी जिन्याखालचा कोपरा ओला!
म्हणजे सभापती निर्दोष. माझा संशय शेजारच्या बोक्यावर. उद्या पहाटे जिन्यात बसून त्याला धरते, आणि मग भगवंतरावांच्या रुमालाकडे बघते.

९ नोव्हेंबर
पाचला जिन्यात बसले. झुंबरबाई भिंत धरत खोलीतून निघाल्या. संडास अंगणापलीकडे. त्या जिन्याखालच्या कोपऱ्यापर्यंतच पोचल्या. मग खाली बसून लुगड्याच्या पदरानं फरशी पुसायला लागल्या. मी दिसले तशा म्हणाल्या, "भगवंताले नको सांगू वं बाई."
नऊला भगवंतराव आले. म्हटलं, सशाचंच काम. त्याला राहू द्या, रोज पहाटे जिना मी धुईन. जिना फुकट धुतला जाणार म्हटल्यावर त्यांचं नाक लगेच निवळलं.
घमेल्याची विद्या मला म्हातारीनं अशीच फुकट देऊन टाकली होती. बादली भरून खाली गेले.