स्टेपनी नसलेली गाडी

तारनाका, हैदराबाद
२० सप्टेंबर २०१६

प्रिय दौलत,

समोर मी तुला 'अहो' म्हणते आणि कागदावर 'तू', हे आपलं साखरपुड्यापासूनचं. कागदावरची सुमन जास्त खरं बोलते, असं तूच तेव्हा म्हणाला होतास. मग लग्न झालं आणि कागदाचं काम संपलं. आज पुन्हा घेऊन बसलेय, कारण फोनवर तुझ्या प्रश्नाचं उत्तर देणं मला काही जमत नाही. प्रश्न साधा आहे. महिनाअखेरीला तुला ऑफिसात सांगायचंय की विजयवाड्यात तिघाचौघांत मिळून खोली पुरे की कुटुंबाचं घर हवं. म्हणजे थोडक्यात, मी येणार की नाही. तू विचारतोस आणि मी 'कुकर लावलाय' म्हणून फोन ठेवते. कुकर फडताळात असतो.

आधी एक बातमी सांगून टाकते, म्हणजे शुक्रवारी तू आलास की खाली बघून तुझ्या छातीत धस्स होणार नाही. गाडी जागेवर नाही. ती देगलूरला आहे, नामदेवमामांच्या अंगणात, कडब्याच्या गंजीला टेकून. तिच्या बॉनेटवर दुपारची कोंबडी बसते, असं मामांच्या सुनेनं कळवलंय. तू फोनवर दोनदा विचारलंस की गाडी कशी आहे. मी म्हणाले, उभी आहे. त्यात खोटं काही नव्हतं.

झालं असं. शनिवारी तुला ऑडिटपायी तिकडेच अडकावं लागलं, आणि इकडे नामदेवमामांना जाऊन वर्ष झालं म्हणून देगलूरला पुण्यानुमोदन होतं. मी म्हटलं, बसनं जाऊ. आई म्हणाल्या, "पोरानं एवढी गाडी दारात लावलीय, ती काय नुसती बघायला?" त्यांचा सख्खा भाऊ. शिवाय भंतेजींना द्यायची खीर त्यांनी स्वतः केली होती, आणि भंतेजी बाराच्या आत जेवतात. बारा वाजले की ताट पुढं सरकवून काही उपयोग नाही. त्यामुळे पहाटेच निघालो. दोघी पांढऱ्या साड्यांत, मागच्या सीटवर खिरीची स्टीलची बरणी, तिला पट्टा बांधलेला. आईंनी स्वतःला मात्र पट्टा बांधू दिला नाही.

संगारेड्डीच्या अलीकडे टायरमधल्या हवेचा तो पिवळा दिवा लागला. जूनमध्ये तिकडं जाताना तू मला या गाडीचं जे शिक्षण देऊन गेलास, त्यात हा दिवा होता. 'तो उगाच लागतो, हवा तापली-निवली की. बटण दाबून धरायचं, जातो.' मी दाबून धरलं. गेला. जोगीपेटच्या पुढं पुन्हा लागला. पुन्हा दाबलं, पुन्हा गेला. सरकारी खात्यात तुझी इतकी वर्षं कशी सुखात गेली, ते मला त्या बटणानं समजावलं.

साधी गाडी पंक्चर झाली तर लंगडते, धडधडते, माझ्यासारखीलाही कळतं. तुझी गाडी खानदानी. तिचे टायर रन-फ्लॅट. सगळी हवा गेली तरी जाड भिंती तिला उचलून धरतात, आणि हळू चालवली तर आणखी ऐंशी किलोमीटर जाते. म्हणून तिला स्टेपनी दिलेलीच नाही. बरकतपुऱ्यातल्या त्या डॉक्टरकडून तू ती विकत आणलीस, तेव्हा सगळ्या बिल्डिंगला जिन्यात उभं करून सांगितलं होतंस की स्टेपनीचा जमाना संपला. आई तेव्हाच म्हणाल्या होत्या, पाचवं चाक जवळ न ठेवणारी गाडी गर्विष्ठ असते. पण ते ऐंशी किलोमीटर नेमके कुठून मोजायचे, हे कुणीच सांगितलं नव्हतं. दिवा लागला तिथून. आणि मी दिवा दोनदा पुसला होता.

पिटलमला चहाला थांबलो तर जळक्या रबराचा वास. चहाच्या टपरीला लागूनच अप्पाराव नावाच्या माणसाचं पंक्चरचं दुकान होतं, हे आपलं नशीब. पांढऱ्या साड्यांतल्या दोन बायका उतरलेल्या बघून तिथली सगळी माणसं उठून उभी राहिली. कुणी स्कूटर बाजूला घेतली, कुणी बाकडं पुसलं. अप्पाराव हातातलं दुसऱ्याचं चाक टाकून आला आणि हलक्या आवाजात विचारतो, "कौन गए अम्मा?" आई म्हणाल्या, भाऊ. "कब?" आई म्हणाल्या, "पिछले साल." सगळे हळूहळू खाली बसले. अप्पारावनं दुसऱ्याचं चाक पुन्हा हातात घेतलं. आपला नंबर दोन ट्रॅक्टरांच्या मागं लागला.

नंबर आल्यावर त्यानं टायर आधी पायानं दाबला, मग बोटानं, मग खाली वाकून बघितला. "हवा पूरी गई, फिर भी खडी है. ऐसा कैसा अम्मा?" मी म्हटलं, तशीच असते. त्यानं डिकी उघडली. खालचं पांघरूण उचललं तर आत फोमचा खोका, त्यात गाडी ओढायचा हुक आणि आईंच्या जुन्या चपला. "स्टेपनी?" नाही. "चोरी हुई?" नाही हो, कंपनीनंच दिली नाही. मग त्यानं चहावाल्याला हाक मारली, चहावाल्यानं बसथांब्यावरच्या माणसांना. "इत्ती महँगी गाडी, और स्टेपनी नक्को बोलके कौन लिया?" सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी तुझं नाव सांगितलं. नवरा नसताना त्याचा उपयोग होतो तो असा.

अप्पारावनं रिम आणि टायरच्या मध्ये पहारी घातल्या, पहारींवर दोन माणसं उभी केली. टायर जागचा हलला नाही. त्या जाड भिंती हलण्यासाठी केलेल्याच नसाव्यात. घाम पुसत तो म्हणाला, याला काही होणार नाही, नवाच घाला. हैदराबादच्या दुकानात फोन लावून बघितला. त्या मापाचा टायर बंगळूरहून येणार, आठ दिवस. एकानं सांगितलं गाडी इथंच सोडा, दुसऱ्यानं सांगितलं माघारी संगारेड्डीला जा, तिसऱ्यानं सांगितलं विकून टाका. देगलूर पुढं पन्नासएक किलोमीटर होतं, आणि आमच्या ऐंशींपैकी किती खर्ची पडले होते ते कुणालाच माहीत नव्हतं.

आई एवढा वेळ अप्पारावशी तेलुगूत बोलत होत्या. कामाचं कमी, त्याच्या पोरीच्या लग्नाचं जास्त. मध्येच तो थबकला आणि हसून म्हणाला, "आंध्रावाळ्ळा अम्मा?" आंध्रच्या का, असं. हसला तो, पण अलीकडच्या दोन-चार वर्षांतलं ते हसू तुला माहीत आहे, त्यात थोडी चौकशी असते. आईंनी त्याला सरळ सांगितलं, मी देगलूरची, नवरा रेल्वेत म्हणून माझी तेलुगू गुंतकलची, आणि माझा पोरगा कुठला ते सरकार ठरवतं. अप्पारावनं आमच्यासाठी पुन्हा चहा मागवला. मी मात्र मनात तुझा हिशेब मांडत बसले. राज्याचे आंध्र आणि तेलंगण असे दोन तुकडे झाले, कपाटं वाटली, पंखे वाटले, मग नोकरीतली माणसं वाटायला काढली. चौथी ते दहावी कुठं शिकलास? बाबांची बदली होती म्हणून गुंतकलला. झालं. घरात मराठी बोलणारा, तीस वर्षं तारनाक्याची भाजी खाल्लेला आमचा माणूस आंध्रचा स्थानिक ठरला. मी त्यावर खूप विनोद केले. ऑफिसात, बिल्डिंगमध्ये, तुझ्या निरोप-समारंभात. लोक हसले. तू पण हसलास. आता त्या सगळ्याचा कंटाळा आलाय, दौलत. हसवून हसवून जीव थकलाय.

बाकड्यावर बसल्या बसल्या आईंनी विचारलं, "दौलत तुला येतीस का मनून विचारायलाय. तू काय सांगितलीस त्याला?" मी म्हटलं, सांगितलं की आईंना या वयात तिकडं करमणार नाही, इथं रेल्वेचा दवाखाना जवळ आहे, ओळखीची माणसं आहेत. आई खिरीच्या बरणीचं झाकण घट्ट करत होत्या. वर न बघताच म्हणाल्या, "मला विचारलीस का?" मी चहाचा ग्लास खाली ठेवला. "काहून गप बसलीस? दवाखाना तिकडं बी हाय. आन् ओळखीची मानसं कोन गं? त्या चौथ्या मजल्यावर दूधवाल्याबिगर कोन दार वाजवतंय?" मी साडीवरची धूळ झटकली. "तुला जायचं न्हाई तर न्हाई मन. माझ्या डोक्यावर कशाला फोडायलीस?" त्या चिडल्या नव्हत्या. मला तेच जड गेलं. मग उठल्या, पदर खोचला आणि म्हणाल्या, "चल. खीर नासंल."

निघालो. चाळीसच्या वर काटा जाऊ दिला नाही. मागून येणारा प्रत्येक ट्रक हॉर्न मारून काहीतरी सांगत होता, ते मी ऐकून घेतलं. मदनूर गेलं, हद्द गेली, पाटी मराठीत आली. रस्त्यात खड्डा दिसला की आई "हळू" म्हणायच्या. खिरीला की टायरला ते कळलं नाही. तू लगेच यातून काहीतरी अर्थ काढशील. काढू नकोस. तो नुसता टायर होता. मामांच्या फाटकातून आत शिरताना त्याचा रबरी पट्टा सुटून चाकाभोवती फडफडायला लागला, आणि गाडी एकदाची बसली. भंतेजी घड्याळाकडे बघत ओट्यावर थांबले होते. आईंनी बरणी तशीच पुढं नेली. बाराच्या आत त्यांच्या पात्रात खीर पडली. मग आई भावाच्या फोटोपुढं बसल्या आणि वंदना सुरू झाल्यावर पहिल्यांदा रडल्या. गेल्या वर्षी त्या रडल्या नव्हत्या, आठवतं? सगळ्यांना जेवायला वाढत होत्या.

येताना बसनं आलो. आई खिडकीशी. त्या जोगीपेटपर्यंत बोलत होत्या आणि मी ऐकत होते. त्या काय बोलल्या ते सांगायच्या आधी मला माझं सांगू दे, नाहीतर मी पुन्हा त्यांच्या मागं लपेन. माझी बदली विजयवाड्याला होऊ शकते. विम्याच्या कचेऱ्या तिथंही आहेत, अर्ज केला की महिन्या-दोन महिन्यांत होईल. तुला ते माहीत आहे आणि तू कधी बोलून दाखवलं नाहीस, हा तुझा चांगुलपणा. पोरगा बंगळूरला, त्याचीही आडकाठी नाही. मला यायचं नाही, एवढंच खरं कारण आहे. रागावून नाही, आणि तुझ्यावर तर मुळीच नाही. जूनपासून तू शुक्रवारी रात्री येतोस, शनिवारी सकाळी अंघोळ करून गॅलरीत बसतोस आणि मला काहीबाही सांगतोस: तिथल्या खोलीतला ढेकूण, साहेबाचा दात, कृष्णेचं पाणी. मी चहा घेऊन समोर बसते. याआधीच्या चोवीस वर्षांत तू पेपराच्या मागं होतास आणि मी तुझे मोजे शोधत होते. शनिवारचा दौलत मला आवडतो. तो मला फार उशिरा भेटलाय. त्याला पुन्हा रोजचा करून टाकण्याचं बळ माझ्यात नाही. शिवाय सामान बांधण्याचंही नाही. आठवड्यातले पाच दिवस संध्याकाळी कोठीच्या ऑफिसातून आले की मी दिवा न लावता तासभर नुसती बसते. कुणी विचारत नाही काय झालं. मला ते हवं आहे.

म्हणून हे पत्र. फोनवर तू 'तुझी मर्जी' म्हणाला असतास आणि मी त्या दोन शब्दांपुढं विरघळून 'येते' म्हटलं असतं. तर ऑफिसात असं सांग: खोली नको, कुटुंबाचंच घर द्या. आई येताहेत. बसमध्ये त्या तेच सांगत होत्या. तुम्ही सगळे ज्या नव्या राजधानीला दिवसरात्र शिव्या घालता, तिच्याशेजारी अमरावतीचा स्तूप आहे, तो त्यांना बघायचाय, एकदा नाही, पौर्णिमेच्या पौर्णिमेला. गुंतकलच्या रेल्वे कॉलनीत नळावर त्यांच्याशिवाय भांडण मिटायचं नाही, आणि इथं त्यांना कुणी भांडणात घेत नाही. तिथं तळमजला माग, त्यांना अंगण लागतं. पौर्णिमेला त्यांना घेऊन जायचं काम तुझं. त्यांची ट्रंक भरून झालीय. मला न विचारता, ऑगस्टमध्येच. शुक्रवारी तू येशील तेव्हा रागावलेला असलास तरी चालेल, पण ये. घर मिळालं की एखाद्या रविवारी तू त्यांना घेऊन जाशील, मी काचीगुडा स्टेशनापर्यंत सोडायला येईन, आणि तिथून एकटी घरी परत येईन.

इथूनच, पण तुझीच,
सुमन